पाठ फिरली की पखवाज

माझा धंदाच असा आहे की एक गोष्ट मी माणसाला तीनदा सांगते. चाकण, महाळुंगे भागातल्या कंपन्यांसाठी मी सुरक्षेचे व्हिडिओ लिहिते. नवीन कामगार कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला एका खोलीत बसवून वीस मिनिटांचा जो व्हिडिओ दाखवतात आणि जो बघता बघता त्याला डुलकी लागते, तो बऱ्याचदा मी लिहिलेला असतो. त्यात एक माणूस हेल्मेट घालताना दिसतो, मागून आवाज येतो, 'हेल्मेट घाला', आणि खाली पट्टीवर लिहून येतं, 'हेल्मेट घाला'. एवढं करूनही कितीजण घालतात ते सोडा. पण वर्षानुवर्षं हे केलं की हाताला तेच वळण लागतं. घरीसुद्धा मी चहाचा कप समोर ठेवते, 'चहा ठेवलाय' म्हणते आणि आत जाता जाता पुन्हा सांगते, 'चहा ठेवलाय हं.'

नवऱ्याचं दुखणं वेगळं. काळेवाडीत एका किराणा दुकानाच्या वर त्याचा छोटासा स्टुडिओ आहे. माझ्या व्हिडिओंना संगीत तोच देतो, पण त्याचं पोट चालतं लग्नांच्या व्हिडिओंवर. लग्नाच्या व्हिडिओत दोन सेकंद काही वाजलं नाही तर मुलीकडचे फोन करतात की आवाज गेलाय, बघा जरा. त्यामुळे शांतता म्हणजे बिघाड अशी त्याची ठाम समजूत झालेली. नवरी जिना उतरते, सनई. नवरी जिन्यात थांबते, सनई. नवरीची आई डोळे पुसते, सनई आणि वर बासरी. पेटी मात्र तो फार गोड वाजवतो. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही, इथे लिहून ठेवते.

तर अशी आमची जोडी, तीनदा सांगणारी बाई आणि गप्प न बसणारा पेटीवाला. आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदा आपली अशी फिल्म करायला घेतली ती माझे सासरे रिटायर होणार होते म्हणून.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामांनी पिंपरीतल्या एका जुन्या कंपनीत चौतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मोठं यंत्र. त्यातून निघणाऱ्या तुकड्याला कंपनीत जॉब म्हणतात. त्याच्या दर ठोक्याला पायाखालची जमीन हलते. मामा मूळचे इथलेच, काळेवाडीचे. शेती होती तिथे आता सहा मजली इमारत आहे आणि तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आमच्या ह्या भागात माणूस कंपनीतून रिटायर झाला की त्याला मुकाट्याने घरी येऊ देत नाहीत. गेटपासून घरापर्यंत फुलांनी सजवलेली उघडी जीप, पुढे हलगी नाहीतर डीजे, चौकात गॉगल घातलेल्या फोटोचा फ्लेक्स, आणि संध्याकाळी हॉलमध्ये जेवण आणि भाषणं. लग्नानंतर पुरुषाला एवढा मान मिळतो तो ह्याच दिवशी. हल्ली त्यात पडद्यावर फिल्म दाखवायचंही आलं आहे. बहुतेक वेळा ती जुने फोटो आणि त्याखाली एक रडकं गाणं एवढीच असते. पण आम्ही पडलो ह्याच धंद्यातले. "तुमचं काय बुवा, घरचंच आहे," असं म्हणून पाहुण्यांनी आमच्याकडून भारी फिल्मची अपेक्षा आधीच करून ठेवली होती.

आता खरं सांगायचं तर माझं आणि मामांचं काही फारसं जमत नव्हतं. भांडण कधीच नाही. पण नऊ वर्षांत त्यांनी माझ्या बोलण्याला धड उत्तर दिल्याचं मला आठवत नव्हतं. मी विचारावं, "मामा, भाजी कोणती आणू?" त्यांनी हसून मान हलवावी आणि टीव्ही बघत बसावं. माझं माहेर लातूरकडचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते भरल्या घरात म्हणाले होते, "सूनबाईचं बोलणं आमाला उमगत न्हाई. तिकडलं हाय त्ये." सगळे हसले. मीही हसले, आणि पुढचं वर्षभर आरशासमोर उभी राहून पुण्याचं मराठी घोटलं. 'काय करूलालाव'चं 'काय करताय' केलं, हेल सोडला, घाई सोडली. तरी त्यांना उमगेना ते उमगेनाच. मग मीही मनात गाठ मारली की माणूस ताठ आहे. लेक झाली, बोलायला लागली, तिला ते अंगाखांद्यावर खेळवायचे, पण तिच्या हाकेला ओ नाही. तिने जाऊन पायजमा ओढला की मगच उचलायचे. "बायकांच्या हाकेला ओ द्यायची ह्यांच्यात पद्धत नसावी," असं मी फोनवर आईला सांगायचे, आणि आई तिकडून च्यक च्यक करायची.

तरीपण पटकथा मी जीव ओतून लिहिली. बारा मिनिटांची. सगळं निवेदन माझ्या आवाजात. पहिलं वाक्य होतं, 'ज्या घरात भोंग्याच्या आधी एक माणूस उठतो, त्या घरावर ऊन लवकर येतं.'

"आपलं घर पश्चिमेला आहे," नवरा म्हणाला. स्टुडिओत मी त्याला अरे-तुरे करते, घरी चारचौघांत अहो म्हणते. "ऊन दुपारी दोनला येतं."

"अरे, ते तसं ऊन नाही."

"मग कसं? आणि एवढं लांब वाक्य असेल तर मी बासरी कुठे घालू?"

"घालूच नकोस."

"म्हणजे नुसतं तुझंच ऐकायचं लोकांनी?"

पंधरा दिवस हेच चाललं होतं. मामांचा डबा भरताना आत्यांचे हात दिसतात, तिथे मी लिहिलं होतं, 'ह्या हातांनी कधी तक्रार केली नाही.' त्याने तिथे बासरी अशी काही आळवली होती की आत्या डबा भरतायत की लेकीची पाठवणी करतायत ते कळू नये. मी म्हणे बासरीत माझं वाक्य बुडतंय. तो म्हणे तुझ्या वाक्यामुळे बासरीला श्वास घेता येत नाही. शेवटी पंच म्हणून आम्ही आत्यांना बोलावलं. त्यांनी पदर सावरून बारा मिनिटं फिल्म पाहिली आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ तूबी टाकलंस आन् ह्यानंबी टाकलं."

एवढं बोलून त्या भाजी घ्यायला खाली गेल्या. आम्ही दोघे खजील झालो. आणि मग शहाण्यासारखं वागायचं म्हणून मी घरी बसून माझी वाक्यं कमी केली आणि त्याने स्टुडिओत बसून त्याची बासरी कमी केली. एकमेकांना न विचारता. दोघांनी नेमकं एकाच जागचं काढलं. आता हात दिसत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्याला घाम फुटला, त्याला वाटलं स्पीकर गेला.

माझ्या व्हिडिओंमध्ये मी हे कधी शिकले नव्हते, की लिहिणाऱ्याने आणि वाजवणाऱ्याने कामं वाटून घ्यायची असतात, आणि ती आधी वाटायची असतात. आम्ही आपलं चित्र झाल्यावर भांडत बसायचो. मग भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. प्रत्येक प्रसंगापुढे लाल पेनने मी, निळ्या पेनने तो. बघते तर कागद बराचसा लालच झाला होता, पण त्याने समजूतदारपणे घेतलं.

एक गोष्ट तेवढी कमी होती, खुद्द मामांचं बोलणं. फिल्मचं त्यांना सांगायचं नव्हतं, म्हणून 'नातीसाठी जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवतोय' अशी थाप मारली. रविवारी सकाळी त्यांना हॉलमध्ये खुर्चीत बसवलं. समोर कॅमेरा, शेजारी मोठा दिवा. दिव्याच्या मागे प्रश्नांची वही घेऊन मी. नवरा कानाला हेडफोन लावून बाजूला.

"मामा, कंपनीत पहिल्या दिवशी काय झालं होतं?" मी विचारलं.

मामा हसले आणि मान हलवली.

मी पुन्हा विचारलं, अगदी पुण्याच्या मराठीत. पुन्हा हसले. मग नवरा त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर गडी पाच मिनिटं बोलला. सुपरवायझर कसा होता, पहिल्या पगाराला पेढे कुठले आणले होते, सगळं. दुसरा प्रश्न मी, मामा हसले. तोच नवऱ्याने विचारला, मामा सुरू. चौथ्या प्रश्नाला मी वही मिटली, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. कॅमेऱ्यासमोर, लेकीसमोर असा अपमान. ज्या माणसासाठी मी पंधरा दिवस वाक्यं घासत होते त्याला माझ्याशी बोलायला कमीपणा वाटत होता, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नवरा ते रेकॉर्डिंग कापत बसला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून ऑफिसचा मेल लिहीत होते. बराच वेळ झाला, त्याच्याकडून काहीच वाजेना. मग तो म्हणाला, "इकडे ये जरा."

पडद्यावर मामा बोलत होते. मागच्या दारातून आमची लेक ओरडत होती, "आजोबा, ओ आजोबा." चार वेळा. स्क्रीनवर आवाजाची रेघ दर वेळी ताडकन वर जात होती. मामांची पापणीसुद्धा हलली नाही. मग खालच्या रस्त्यावरून एक डंपर गेला, जेमतेम गुरगुरत. मामांनी लगेच खिडकीकडे मान वळवली.

नवऱ्याने ते तीनदा दाखवलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"डंपर ऐकला," तो म्हणाला. "पोरगी नाही ऐकली."

आम्ही अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं. मी दिव्याच्या मागे होते, माझं तोंड त्यांना दिसतच नव्हतं. त्याचं दिसत होतं, आणि त्याचा आवाज जाड. मी विनोद केला तेव्हा आम्ही सगळे हसलो आणि मामा हसले ते आमच्याकडे बघून, अर्धा सेकंद उशिरा. "खालचे सूर ऐकतोय," नवरा म्हणाला. "वरचे सगळे गेलेत त्याचे." चौतीस वर्षं प्रेसचे ठोके खाल्ले होते त्या कानांनी. मामा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, ते त्यांनी अलीकडे सोडलं होतं. मांडी घालून बसवत नाही, गुडघे दुखतात, असं सांगून. गुडघेदुखीचा हा माणूस रोज तीन मजले जिन्याने चढतो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. त्यांना गाणाऱ्याचा आवाज येत नव्हता. आणि कंपनीत कानाचं बोलले असते तर प्रेसवरून उठवून कुठेतरी कागद लिहायला बसवलं असतं, म्हणून तिथेही चूप.

मला आधी रागच आला, कारण नऊ वर्षं सांभाळलेला राग असा एका मिनिटात ठेवायचा कुठे ते कळेना. मग लाज वाटली. आईला केलेले सगळे फोन आठवले. आरशासमोर घोटलेलं ते पुण्याचं मराठी आठवलं आणि हसूही आलं. मी लातूरचं बोलले असते, पुण्याचं बोलले असते, जपानी बोलले असते, त्यांना सारखंच होतं.

समारंभाला आठ दिवस होते. आणि आमची फिल्म म्हणजे काय होती? माझ्या बारीक आवाजातलं निवेदन, बासरी आणि लेकीचं एक गाणं. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत मामा बसणार, मागे कंपनीतली आणि गावातली तीनशे माणसं डोळे पुसणार, आणि ज्याची फिल्म आहे त्यालाच काही ऐकू येणार नाही. तो आजूबाजूला बघून अर्धा सेकंद उशिरा हसणार.

"डॉक्टरकडे नेऊ," मी म्हणाले.

"नेऊच. पण समारंभ झाल्यावर. आत्ता सांगितलंस तर तो जीपमध्ये बसायचा नाही." नवऱ्याने पडदा बंद केला. "फिल्म त्याला कळली पाहिजे. आणि लोकांना ती त्याच्यासाठी अशी केलीय हे कळता कामा नये. त्यालाही नको कळायला."

मी माझ्या सवयीने म्हटलं, खाली पट्टी टाकू, वाक्यं लिहून येतील.

"घरची माणसं मराठी बोलतायत आणि खाली परत मराठी? पहिला प्रश्न येईल, हे कुणासाठी. आणि तो चारचौघांत चष्मा लावत नाही."

भिंतीवरचा लाल-निळा कागद आम्ही फाडला आणि पुन्हा पहिल्यापासून बसलो. ह्या वेळी भांडण झालं नाही, कारण फिल्म आता एकाच माणसाला कळायची होती. माझं निवेदन अख्खं गेलं. उन्हाचं वाक्यही गेलं, आणि नवऱ्याने सभ्यपणे त्यावर काही शेरा मारला नाही. बासरी गेली, सनई गेली. नियम एकच ठरला. माणसाचं तोंड समोर असेल तेव्हा शब्द, आणि तेव्हा संगीत अजिबात नाही. तोंड दिसत नसेल, पाठ असेल, हात असतील, रस्ता असेल, तिथे शब्द नाहीत, तिथे पखवाज. पाठ फिरली की पखवाज, असं मी नव्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. लिहिणारी मी असूनसुद्धा मला ते आधी सुचलं नव्हतं, की माझ्या शब्दांना चेहरा लागतो, आणि जिथे चेहरा नाही तिथे त्याने सांगायचं असतं.

पखवाज मामांचाच, माळ्यावरचा. तो आम्ही चादरीत गुंडाळून, मामा खाली पेपर आणायला गेलेले असताना, चोरासारखा घराबाहेर काढला. नवरा लहानपणी त्यांच्याकडूनच शिकलेला. कंपनीत शूटिंगला परवानगी मिळाली नाही, म्हणून सकाळच्या शिफ्टला गेटकडे चालत जाणारे मामा आम्ही समोरच्या रिक्षात लपून पाठमोरे टिपले. वॉचमनने दोनदा येऊन विचारलं, कोण पाहिजे. ती चाल आणि पखवाजाचे ठोके नवऱ्याने असे बसवले, की पावलागणिक एक, आणि गेट जवळ येईल तसे ते प्रेसच्या गतीने पडायला लागतात.

मग माणसं. प्रत्येकाने खिडकीच्या उजेडात बसून, कॅमेऱ्याकडे बघून, एकच गोष्ट सांगायची, हळू. मामांचे कंपनीतले जिवलग मित्र आले आणि मोठी पंचाईत झाली. त्यांची मिशी इतकी भरघोस की ओठ दिसतच नाहीत. "मिशी जरा कातरू का?" नवऱ्याने भीत भीत विचारलं. "भावा, बायकोनं सांगून कातरली न्हाई, तुज्या पिच्चरसाठी कातरू व्हय?" ते म्हणाले. मग मी त्यांचं वाक्यच काढून टाकलं. ते फक्त येतात, डब्यातली अर्धी भाकरी मोडून पुढे करतात आणि पखवाजावर एक थाप पडते. खरं सांगते, सगळ्या फिल्ममधला तो सगळ्यात चांगला लिहिलेला प्रसंग आहे आणि तो मिशीने लिहिलाय.

आत्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या, पदर नीट केला, तोंड उजेडाकडे केलं आणि मला विचारलं, "आसंच ना? हळू, तोंड म्होरं करून?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तेव्हा लक्षात आलं की मामांशी बोलायच्या आधी आत्या नेहमी त्यांच्या दंडाला हात लावतात. मी त्याला इतकी वर्षं प्रेम समजत होते. ते तेही होतंच म्हणा. मी कॅमेरा सुरू केला.

लेकीचं गाणं काढलं. पुढचे दोन दात पडलेली पोर, तिला एकच वाक्य दिलं आणि ते हळू बोलायला शिकवताना माझा जीव गेला.

समारंभाच्या दिवशी जीप पिंपरीहून निघाली. पुढे डीजे. मामा डीजेला नेहमी शिव्या घालतात, पण त्या दिवशी पुलावर आल्यावर ते जीपमध्ये उभे राहून नाचले. पाहुणे म्हणाले, आनंद झालाय माणसाला. आम्हाला माहीत होतं की बऱ्याच दिवसांनी त्यांना गाणं असं अंगभर लागत होतं. हॉल ताथवड्याच्या रस्त्याला होता. नवऱ्याने दुपारीच त्याच डीजेवाल्याकडून बेसचे दोन खोके मागून घेतले आणि पहिल्या रांगेसमोर ठेवले. हॉलवाला म्हणाला, राव, निरोप समारंभ आहे का हळद? नवऱ्याने त्याला चहा पाजला.

भाषणं झाली. मामा आजूबाजूला बघून टाळ्या वाजवत होते. मग दिवे गेले. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, बाजूला भिंतीला टेकून मामांकडे बघत होते. पाठमोरे मामा गेटकडे निघाले, पखवाज सुरू झाला आणि खुर्चीतल्या मामांचा हात मांडीवर आला. दुसऱ्या ठोक्याला बोटं हलायला लागली. आत्या पडद्यावर म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी मला सांगितलं, शिफ्ट सुटली की सिनेमाला नेतो. अजून शिफ्ट सुटायची हाय." आणि हॉल हसायच्या आधी मामा हसले. सगळ्यांच्या आधी. नवऱ्याने समोरच्या भिंतीकडून माझ्याकडे बघितलं.

शेवटी आमची लेक आली. पखवाज थांबला. पडदाभर तिचं तोंड, दोन दात नसलेलं. ती हळूहळू म्हणाली, "आजोबा, उद्यापासून मला शाळेत सोडायला तुम्ही या."

"यीन की," मामा खणखणीत आवाजात म्हणाले. पडद्याला. तीनशे माणसांत.

लोक हसले, टाळ्या पडल्या, मिशीवाल्यांनी रुमाल काढला. कुणाला काही कळलं नाही. नवऱ्याने लगेच दिवे लावले आणि लग्नातली सवय म्हणून सनई सोडली. मी त्याला त्या दिवशी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गॅलरीत बसले होते. पोरीला शाळेत सोडून आले होते. मी चहा घेऊन गेले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि एकदाच म्हणाले, "चहा."

"पिच्चर ब्येस हुता," ते म्हणाले. "एक इचारू? तुमास्नी कवा कळलं?"

"काय कळलं, मामा?"

"घरात येवढं तोंड म्होरं धरून, येवढं हळू कोन बोलतं गं? समदी रांगेनं माज्याकडं बघूनच बोलत हुती. ह्यो जॉब कुनाच्या मापाचा हाय त्ये मला कळायचं न्हाई व्हय?"

म्हणजे आमची सगळी चलाखी तीनशे माणसांना फसवून नेमकी ज्याच्यासाठी केली त्याच्यापाशी उघडी पडली होती. मला माफी मागायची होती, कशाची ते मात्र सांगता आलं नसतं. मी खाली बसले.

"डाक्टरकडं न्यायचं आसंल, तर जाऊ," मामा म्हणाले. "तवर एक सांग. पोरीचा आवाज कसा हाय?"

मी लिहिणारी बाई. दिवसभर शब्दांवर जगणारी. म्हटलं, बारीक आहे. पण गोड असा नाही, जरा किनरा. रडताना भोंगा. गोष्ट सांगताना शेवटचा शब्द ओढते. झोपेतून उठल्यावर थोडा घोगरा असतो. मामा माझ्या ओठांकडे बघत एकेक शब्द घेत होते आणि मला कळत होतं की ह्यातून त्यांना काहीही ऐकू येत नाहीये.

"थोडासा माझ्यासारखाच," मी शेवटी म्हणाले. "माझा तर माहितीये ना तुम्हाला?"

मामांनी कप खाली ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "तुजा कुटं ऐकलाय अजून. पर तू बोलतीस लय, येवढं दिसतं."